आधी सहा हप्ते, मग आरी

मामा, परवा दुकान उघडलं.

तेरावा झाल्यावर मामीच म्हणाल्या, "बंद ठिवून काय व्हणार हाय? लोकांचे पाय थांबत्यात का?" म्हणून किल्ली घेऊन आले. कुलूप काढताना सवयीनं वाटलं, आता तुम्ही मागून ओरडाल, "चप्पल भाईर काढ, आत सोल्यूशन सांडलंय." कुणी ओरडलं नाही. मी आपली चप्पल बाहेर काढली आणि तुमच्या पाटाकडं न बघता बराच वेळ झाडत राहिले. रबराचा भुगा कोपऱ्याकोपऱ्यात होता. तो गोळा करून टाकून द्यायचा असतो, मला माहीत आहे. टाकवला नाही. तुम्ही शेवटचं घासलेलं रबर होतं ते.

त्या दिवशी सकाळपासून चार माणसं आली. चौघांनीही आधी तुमच्या जागेकडं बघितलं, मग माझ्याकडं. एकानं विचारलं, "म्हातारबा जेवायला गेलेत का?" मी सांगितलं तुम्ही गेलात म्हणून. तो पायरीवर बसला आणि आपल्या पायातल्या चपलेकडं बघत राहिला. तुम्हीच केलेली होती.

मला आपली पहिली भेट आठवली. पाच वर्षं होत आली त्याला. त्या वर्षी चैत्रात अप्पा नेहमीसारखे अनवाणी येडेश्वरीला गेले. आमचं येरमाळ्याचं चहा-भज्यांचं हॉटेल हायवेवर, यात्रेत पाय ठेवायला जागा नसते तिथं. तरी एक दिवस हॉटेल पोरांवर सोडून अप्पा रीतीप्रमाणे तापलेल्या रानात देवीची चुनखडी वेचायला गेलेच. संध्याकाळी परत आले, गल्ल्यावर उभे राहिले. आईला फरशीवर ओले ठसे दिसले. पाणी सांडलं म्हणून ती पुसायला गेली, तर ते पाणी नव्हतं. अप्पांचे दोन्ही तळवे भाजून सोलले होते आणि त्यांना पत्ता नव्हता. साखरेनं त्यांच्या पायांतली जाणीव कधीच गेली होती, आणि ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. खुद्द त्यांनाही नाही.

मी चाकणच्या कारखान्यातून सुट्टी काढून आले. धाराशिवच्या डॉक्टरांनी मलमपट्टीबरोबर एका चिठ्ठीवर 'एमसीआर चप्पल', म्हणजे मऊ रबराच्या तळाची, असं लिहून दिलं आणि दवाखान्यामागच्या गल्लीत जायला सांगितलं. मला वाटलं एखादं काचेचं दुकान असेल. समोर पत्र्याची टपरी.

"इथंच का?" मी विचारलं.

"हितंच," तुम्ही मान वर न करता म्हणालात. "एसी उद्या बसवणार हाय."

मग अप्पांना डोळे मिटायला लावून तुम्ही त्यांचा पाय मांडीवर घेतलात आणि रिफिलीच्या टोकानं तळव्याला हलकेच टोचत गेलात. एकेका जागी. मी मोजत होते. सहा जागा झाल्यावर अप्पा म्हणाले, "हं, करा की सुरू."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. अप्पांनी डोळे उघडले तेव्हा तुम्ही त्यांना एवढंच म्हणालात, "अप्पा, तुमच्या पायाचं तोंड बंद झालंय. त्येला लागलं तर त्यो सांगणार न्हाय. आता त्येच्या वतीनं आपुनच बोलायचं." अप्पा कधी कुणाचं ऐकत नसत. तुमचं ऐकलं.

माप घेताना कागद धरायला माणूस हवा होता, म्हणून मी खाली बसले. पेन्सिल तुम्ही माझ्या हातात दिलीत. "सरळ धर, ताईसाहेब. आडवी झाली की पाय खोटा येतो." चप्पल तयार झाल्यावर मी खिळे शोधले, सापडले नाहीत. तुम्ही सांगितलंत, सगळं चिकटवायचं आणि शिवायचं. ज्याला काटा रुतलेला कळत नाही, त्याच्या चपलेत खिळा ठेवायचा म्हणजे दगा. हे तुम्ही तरुणपणी एका कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात राहून शिकला होतात. तिथून आलात आणि चाळीस वर्षं तेच केलंत.

चाकणला माझं कामही मापं घेण्याचंच होतं. गाडीचा एक छोटा पत्र्याचा भाग, तळहाताएवढा. तो गेजमध्ये बसतो की नाही बघायचं. बसला तर हिरव्या पेटीत, नाही बसला तर लाल पेटीत. तीन वर्षं तोच भाग. तो गाडीत नेमका कुठं बसतो, ते मी कधी डोळ्यांनी बघितलं नाही. पगारातला निम्मा बँकेत जायचा. इंजिनिअरिंगसाठी काढलेलं कर्ज माझ्या नावावर होतं, खाली अप्पांची सही. नोकरी म्हणजे हप्ता, एवढाच अर्थ उरला होता. आणि मग एका दुपारी अप्पांचा फोन आला, "जखम भरली बघ. आज दोन तास उभा राहिलो गल्ल्यावर." मी हातातला तुकडा हिरव्या पेटीत टाकला आणि जाऊन स्वच्छतागृहात रडले. का रडले, ते तेव्हा कळलं नाही.

पुढच्या दुसऱ्या शनिवारी मी तुमच्यासमोर उभी होते. "मला शिकवा."

तुम्ही हसलात. मी पुन्हा म्हणाले. तेव्हा तुम्ही चामडं कापायची रापी खाली ठेवलीत. इतके चिडलेले मी तुम्हाला नंतर एकदाच बघितलं.

"म्या माझ्या पोराला ह्या फळीला हात लावू दिला न्हाय. लहानपणी त्येनं एकदा आरी उचलली तर म्या त्येच्या मुस्काटात दिली. अन् तू, कर्ज काढून इंजिनेर झालेली, पाटलांच्या घरची, हितं यायलीस? तुला कवतिक हाय. आमाला हे जलमतानाच हातात दिलतं. फरक हाय त्यात."

"काम चांगलं आहे ना पण?" मी म्हणाले.

"कामच चांगलं हाय. त्ये करणाऱ्याला कुणी चांगलं म्हणलं न्हाय."

मामा, मी तिथंच खाली बसले. नंतरही किती वेळा आपण ह्याच जागी येऊन थांबलो. तुम्ही म्हणायचात, तुला वाटंल तेव्हा तू उठून जाऊ शकतीस. मी म्हणायची, मी जाणार नाही. तुम्ही म्हणायचात, जाणार न्हायस त्ये खरं, पण जाऊ शकतीस. हे भांडण आपण संपवलं नाही. आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी बोलते, आणि खरं सांगते, दर वेळी तुमचीच बाजू जिंकते.

तरी शनिवारी-रविवारी मी येत राहिले. पुण्याहून लातूरच्या गाडीनं येरमाळा, तिथून धाराशिव. तुम्ही आधी नुसतं बसू दिलंत. मग रबर घासायला दिलंत. मग एक दिवस "ताईसाहेब" गेलं आणि "इंजिनेर" आलं. त्यानंतर "पोरी" यायला जवळजवळ दोन वर्षं लागली.

राजीनामा मी तुम्हाला न विचारता लिहिला होता. मोबाइलवर दाखवला. वाटलं, खूश व्हाल. तीच ती दुसरी वेळ, तुम्ही चिडलात ती.

"हप्ता कोण भरणार? अप्पा? त्या पायावर अजून किती उभा करतीस त्येला?"

"बघू काहीतरी."

"बघू न्हाय. डोक्यावर देणं आसलं की हात कापतो. कापऱ्या हातानं आरी धरली तर ती चामड्यात जात न्हाय, बोटात जाती. आधी सहा हप्ते बाजूला टाक. म्या शिकलो त्या दवाखान्यात शिकायला सहा महिने लागत्यात. तेवढ्याचे हप्ते हातात आसू दे. मग ये, म्या चिठ्ठी देतो."

मी रुसून गेले. पण राजीनामा पाठवला नाही. चौदा महिने लागले मला. खोली सोडून तिघींत राहिले, जेवणाचा डबा बंद करून स्वतः करायला लागले. आले की तुम्ही हात पुढं करायचात, मी पासबुक द्यायची. चष्मा कपाळावरून खाली घेऊन तुम्ही एखाद्या हेडमास्तरासारखे बघायचात आणि परत द्यायचात. सहावा हप्ता बाजूला पडला, त्या दिवशी मात्र मामींना डब्यातून पुरणपोळी आणायला सांगितली होतीत. सण नव्हता काही. मी विचारलं तर म्हणालात, "मामीला खावी वाटली."

घरी जे झालं ते तुम्हाला मी अर्धंच सांगितलं. आई म्हणाली होती, "लोकांच्या पायाला हात लावायला शिकवलं का तुला?" अप्पा स्वतःच्या पायाकडं बघत होते. सोलापूरचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं, ते मोडलं. मुलाच्या मामांनी फोनवर विचारलं होतं, "मुलगी चपला शिवती म्हणं, खरं हाय का?" तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही दिवसभर काम केलं नाही. "माझ्यामुळं मोडलं," एवढंच म्हणालात. मी हसून म्हणाले, बरं झालं, सुटले. मामा, मी सुटले नव्हते. मला तो मुलगा आवडला होता. तुम्हाला लागेल म्हणून बोलले नाही.

आणखी एक बोलले नाही. तुम्ही एकदा अप्पांचा पाय बघायला येरमाळ्याला आलात. हॉटेलात सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा गेला. तुमच्यासमोर आईनं कागदाचा कप ठेवला. मी बघितला. तुम्हीही बघितलात. तुम्ही फुंकर मारून चहा प्यालात, "साखर बेतानं घातली, बेस झालाय," म्हणालात आणि कप स्वतः उठून टोपलीत टाकलात. मी तिथंच दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला तो कप उचलता आला असता, ग्लास आणता आला असता, निदान माझा ग्लास बाजूला ठेवता आला असता. मी काहीच केलं नाही. परतीच्या गाडीपर्यंत तुम्हाला सोडायला आले तेव्हा शब्द तोंडात होते, पण तुम्ही अप्पांच्या टाचेबद्दलच बोलत राहिलात. मला वाटतं, मुद्दाम. मी माफी मागू नये म्हणून. म्हणजे तेही तुम्हीच सांभाळून घेतलंत. आईला मी नंतर बोलले, ती रडली, पण तुमच्यापर्यंत ते पोचलं नाही. आज मागते. उशीर झाला आहे, हे कळतं मला.

सहा महिने शिकून आले ती ताठ मानेनं. पहिली जोडी एकटीनं केली आणि तुमच्यासमोर ठेवली. तुम्ही आत हात घालून डोळे मिटलेत, बोटांनी तळ चाचपलात, आणि रापीनं मधोमध चिरलीत. "करंगळीपाशी शिवण वर आलीय." मी म्हणाले, एवढीशी आहे. "एवढीशीच जखम आसती, पोरी. पाय गुडघ्यापस्तोर जातो." त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही मला पोरी म्हणालात आणि मला इतका राग आला होता की ते लक्षातच आलं नाही. रात्री आठवलं.

पण तुम्ही नुसते शिकवणारे नव्हतात. मी कार्बन पेपरवर माणसाला चालवून ठसा घ्यायला लागले, जिथं गडद येईल तिथं भार जास्त, तिथं रबर मऊ करायचं. तुम्ही आधी खो खो हसलात. "पायाचा दाखला काढायलीस का तलाठ्यागत?" दोन आठवड्यांनी मी उशिरा आले तर तुम्ही जळकोटच्या एका मावशींना कार्बनवरून चालवत होतात, आणि त्यांना सांगत होतात, "आमच्या इंजिनेरानं काढलंय हे. पुण्याला पण न्हाय." मी दाराबाहेरच उभी राहिले. तेवढं ऐकून मग आत आले.

बँकेतही तुम्ही आला होतात. धुतलेला सदरा घालून, टोपी घालून. सकाळी मी एका खासगी संस्थेत पोरांना ड्रॉइंग शिकवायचं काम धरलं होतं, दुपारनंतर दुकान. पगार निम्म्यानं उतरला होता. साहेबांनी मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल म्हणून सांगितलं, व्याज जास्त जाईल हेही सांगितलं. मी विचारात पडले. तुम्ही मध्येच म्हणालात, "साहेब, हिला वरसं लागू द्या, पण दर महिन्याला झोप लागू द्या." साहेब हसले. त्यांनी तुम्हाला विचारलं, "तुम्ही कोण हिचे?" तुम्ही घोटाळलात. मी म्हणाले, "मामा आहेत माझे." बाहेर आल्यावर तुम्ही टोपी सारखी केलीत. मग कोपऱ्यावर उसाचा रस पाजलात.

अजून दोन वर्षं हप्ते आहेत, मामा. पण हात कापत नाही.

दवाखान्यात तुम्ही पाच दिवस होतात. छातीत पाणी झालं होतं, बोलताना दम लागायचा. सुनीलदादा सोलापूरहून आला होता. सरकारी कचेरीत कारकून झालेला तुमचा एकुलता मुलगा, ज्याच्याबद्दल तुम्ही गिऱ्हाइकांना इतकं सांगायचात. तो आला की खुर्ची थोडी लांब ओढून बसायचा. तुम्ही दोघं हवापाण्याबद्दल बोलायचात. तो बाहेर गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, "त्या शिंगोलीच्या माणसाची जोडी दिलीस का?" दिली म्हणाले. "अंगठ्यापाशी बघितलंस?" बघितलं म्हणाले. तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोपलात. ते आपलं शेवटचं बोलणं झालं. एवढी वर्षं शेजारी बसून शेवटी आपण एका अनोळखी माणसाच्या अंगठ्याबद्दल बोललो. आधी मला ह्याचं फार वाईट वाटत होतं. आता तितकं वाटत नाही.

काल दुपारी सुनीलदादा दुकानात आला. मला वाटलं, जागेचं बोलायला आला असेल. टपरी त्याच्याच नावावर होणार. मी मनाची तयारी केली होती. तो आत आला, फळीवर बसला, तुमच्या हत्यारांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "ह्या फळीवर पहिल्यांदा बसलोय मी."

मी पाणी दिलं. तो म्हणाला, "चालू ठेव दुकान. तेच सांगायचं होतं. आई पण तेच म्हणती." मी मान हलवली. तरी तो उठेना. बुटाच्या नाड्या सोडायला लागला. मोजा काढला. डाव्या अंगठ्याखाली घट्टा होता, मधोमध काळसर, आणि कडेला ओल.

"तीन वर्षं झाली शुगर निघाल्याला," तो म्हणाला. "बोटांचं काय कळत न्हाय आता."

"मामांना सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार? त्यांनी मला ह्यातून बाहेर काढलं. माझ्यावर हात उचलला होता त्यासाठी. परत येऊन त्यांच्याच मांडीवर पाय कसा ठेवू? लाज वाटली." मग मोजा हातात धरून म्हणाला, "तीन वर्षं मी घरात पण मोजे घालून बसायचो, ते आले की."

मामा, तुमच्या डोळ्यांसमोर तुमच्याच मुलाचा पाय मुका होत होता, आणि जिल्हाभरातल्या पायांच्या वतीनं बोलणाऱ्या तुम्हाला तो एकच दिसला नाही. मी हे तुम्हाला दुखवायला सांगत नाही. सांगितलं नसतं तर तुम्ही मला कधी माफ केलं नसतं, म्हणून सांगते.

मी त्याला आधी डॉक्टरांकडं नेलं. जखम वरचीच आहे, हाडापर्यंत गेलेली नाही. पट्टी बांधून परत आलो. मी त्याचा पाय मांडीवर घेतला. तो संकोचून मागं ओढायला लागला, "तू नको, राहू दे, कागदावर ठेवतो मीच." मी सोडला नाही. डोळे मिटायला सांगितले आणि रिफिलीनं जागा तपासल्या. टाचेला कळतंय. मधल्या भागाला थोडं कळतंय. पुढं नाही. मग कागदावर उभं केलं आणि पेन्सिल फिरवली. तो वरून बघत होता. "बाबा असते तर काय म्हणले असते?" त्यानं विचारलं.

"तीन वर्षांचं एकदम बोलले असते," मी म्हणाले.

तो हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा बदलला. खांद्यावरून रुमाल घेऊन त्यानं तोंड झाकलं. मी माप पूर्ण केलं. घाई केली नाही.

जोडी आज तयार झाली. उद्या तो न्यायला येणार आहे. शिवण सगळीकडून बोटांनी बघितली, डोळे मिटून. करंगळीपाशी काही नाही. डाव्या अंगठ्याखाली रबर दोन सूत जास्त घासून खोलगट केलंय, म्हणजे भार मागं सरकेल. ह्यापेक्षा जास्त घासलं तर तळ पातळ होईल असं वाटलं, म्हणून थांबले.

बरोबर थांबले का, मामा, तेवढंच तुम्हाला विचारायचं होतं.